सुटं पान आणि त्याची पोथी: पाली ताडपत्रांविषयी वाचकांचे प्रश्न

म्यानमार, श्रीलंका आणि थायलंडहून आलेल्या बौद्ध पोथ्यांविषयी बरीच पत्रं आली आहेत. बहुतेकांकडे पुरी पोथी नाही, एखादं सुटं पान आहे. म्हणून इथे उत्तरंही त्या एका पानाला धरूनच दिली आहेत.

प्रश्न (नागपूर): म्यानमारहून आलेल्या भिक्खूंनी आमच्या विहाराला ताडपत्राचं एक पान भेट दिलं. लांबी साधारण ५० सेंमी, रुंदी ६ सेंमी. दोन्ही बाजूंना नऊ-नऊ ओळी, मध्ये दोन भोकं. कडांना सोनेरी रंग आहे, मधल्या भागात तांबडा. हे त्रिपिटकाचं पान आहे का? ग्रंथ कोणता, हे कसं ओळखावं?

उत्तर: आधी पान सुलटं धरलंय ना, ते पाहा. बर्मी लिपीत ऱ्हस्व इकार म्हणजे अक्षराच्या डोक्यावरचं छोटं वर्तुळ आणि ऱ्हस्व उकार म्हणजे अक्षराखालची उभी काठी. डोक्यावर वर्तुळं आणि खाली काठ्या दिसल्या की पान सुलटं. एकार मात्र आपल्या ऱ्हस्व इकारासारखा अक्षराच्या आधी, डावीकडे येतो.

आता डावा समास बघा. पानाच्या मागच्या बाजूला, ओळींपासून वेगळं असं एकच अक्षर कोरलेलं असेल. तो पृष्ठांक आहे. बर्मी पोथ्यांत पानांचे क्रमांक बाराखडीने देतात आणि ही बाराखडी मराठी माणसाला शिकवावी लागत नाही. क म्हणजे १, का २, कि ३, की ४, कु ५, कू ६, के ७, कै ८, को ९, कौ १०, कं ११, कः १२. पुढे ख म्हणजे १३. अशा बारा पानांच्या गठ्ठ्याला तिथे ‘अंग’ म्हणतात. समासात ‘गी’ असेल तर क आणि ख यांची मिळून २४ पानं झाली आणि ग-मधलं चौथं, म्हणजे हे २८वं पान. ‘घं’ असेल तर ४७वं. पोथीतून सुटलेल्या पानाचा पत्ता या एका अक्षरातच असतो. आधी तो वहीत लिहून ठेवा. पुष्कळदा याच समासात ग्रंथाचं नाव किंवा प्रकरणाचं नावही आखूड करून दिलेलं सापडतं.

कडांचा सोनेरी-तांबडा रंग पानावर दिलेला नसतो, गठ्ठ्यावर दिलेला असतो. सगळी पानं फळ्यांमध्ये घट्ट दाबून कडा तासतात, दोन्ही टोकांकडे सोन्याचा वर्ख आणि मध्ये शेंदरी-तांबडं लाखेचं रोगण देतात. म्हणजे कुणीतरी खर्च करून, दान म्हणून करवून घेतलेल्या पोथीचं हे पान आहे. ग्रंथ कोणता, हे त्यावरून कळत नाही.

ग्रंथ ओळखायला वाचावंच लागेल, आणि ते वाटतं तितकं अवघड नाही. वर्णांचा क्रम आपलाच आहे: क ख ग घ ङ. पालीत श, ष, ऋ नाहीत, त्यामुळे अक्षरं आणखी कमी होतात. सुरुवात वर्तुळांपासून करा. पूर्ण बंद वर्तुळ म्हणजे व. ते वर उघडं असेल तर प, खाली उघडं असेल तर ग, उजवीकडे उघडं असेल तर ङ. खाली उघडी दोन वर्तुळं शेजारी चिकटलेली असतील तर क. जोडाक्षरात दुसरं अक्षर पहिल्याच्या खाली बसतं. तोंड उघडं राहिलेलं वर्तुळ काजळीने बुजलं की प-चा व होतो, म्हणून शंका आलेलं अक्षर भिंगाखाली पाहा. भिंग दहा पटींचं असावं. रोज तासभर दिला तर आठवड्याभरात एक ओळ देवनागरीत उतरते.

पान ‘नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासम्बुद्धस्स’ने सुरू होत असेल तर तुमच्या विहारातला प्रत्येकजण ते ओळखील. पण तेवढ्यावरून ते वंदनेचं पान ठरत नाही. पाली पोथी कुठलीही असो, विनय (भिक्खूंचे नियम), जातककथा किंवा व्याकरण, पहिलं वाक्य बहुधा हेच असतं. म्हणजे एवढंच कळतं की हे ग्रंथाच्या आरंभाचं पान आहे.

इथे एक अडचण हमखास येते. दोन-तीन पाली शब्द लागतात, मग काही अक्षरं अगदीच अनोळखी, मग पुन्हा पाली. मध्ये जागोजागी दुहेरी दंड. असं दिसलं तर तुमचं वाचन चुकलेलं नाही, पान ‘निस्सय’ प्रकारचं आहे. निस्सय म्हणजे एक पाली शब्द किंवा पद, लगेच त्याचा बर्मी अर्थ, पुन्हा पुढचं पद. बर्मी विहारांतून शिकवण्यासाठी अशा पोथ्या फार मोठ्या प्रमाणात लिहिल्या गेल्या. बर्मी भाग सोडून फक्त पाली पदं एकाखाली एक लिहून काढा.

मग शोध. रंगूनला १९५४ ते १९५६ या काळात झालेल्या सहाव्या संगायनात (त्रिपिटक तपासण्यासाठी भरलेल्या भिक्खूंच्या सभेत) ठरलेला पाठ इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने देवनागरीत आणला आहे आणि तो संगणकावर मोफत शोधता येतो. मूळ पिटकांबरोबर अट्ठकथा (त्यांवरची भाष्यं), टीका (त्या भाष्यांवरची भाष्यं) आणि व्याकरणाचे ग्रंथही त्यात आहेत. ‘भिक्खवे’ किंवा ‘एवं मे सुतं’ शोधाल तर शेकडो जागा निघतील. पानातला नेहमीचा नसलेला शब्द घ्या, किंवा सलग तीन शब्द घ्या. सापडलं नाही तर शब्द दोन ठिकाणी तोडून पाहा, कारण पोथीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत आणि संधी कुठे मोडायचा ते वाचणाऱ्यावर असतं. ट-त आणि ण-न यांची अदलाबदल करूनही एकदा शोधा. लेखकांच्या हातून ती सारखी होते. पोथीत वाक्य मध्येच तुटून पुढचं एकदम वेगळं वाटलं, तर तिथे पेय्याल असेल. आधी आलेला मजकूर पुन्हा न लिहिता खूण करून गाळायची ही रीत. छापील पाठात तिथे ‘…पे…’ दिसेल.

आणि हे पान त्रिपिटकाचं न निघाल्यास निराश होऊ नका. कच्चायनाचं व्याकरण, अभिधम्मत्थसंगह, धम्मपदाच्या अट्ठकथेतल्या गोष्टी, परित्त (रक्षणासाठी म्हणायची सुत्तं), वैद्यक, ज्योतिष, सगळं याच पानांवर लिहिलं गेलं आहे. ते काय आहे हे नेमकं लिहून लावलेली पाटी ‘त्रिपिटकाचं प्राचीन पान’ या मोघम पाटीपेक्षा कितीतरी मोलाची.

प्रश्न (पुणे): पानावरची अक्षरं फिकी पडली आहेत. काजळ आणि तेल लावून ती पुन्हा काळी करता येतात असं ऐकलं. गवती चहाचं तेलही सुचवलं गेलं. करावं का?

उत्तर: एकट्या पानाला यातलं काहीही करू नका. कारण सांगतो.

नेपाळ आणि उत्तर भारतातल्या जुन्या ताडपत्रांवर बोरूने शाई लावलेली असते. श्रीलंका, म्यानमार, थायलंडची पानं कोरलेली असतात. पोलादी टोकाच्या लेखणीने पानावर खाच पाडायची. त्या वेळी अक्षर जवळजवळ दिसतच नाही. मग काजळी आणि तेल सगळ्या पानावर चोळायचं आणि वरचं पुसून टाकायचं. काळं फक्त खाचेत उरतं. म्हणून काजळी उडाली तरी अक्षर गेलेलं नसतं. खोलीत अंधार करा आणि टॉर्च पानाच्या डाव्या बाजूला, जवळजवळ पानाला समांतर धरा. खाचेच्या एका काठावर उजेड, दुसऱ्यावर सावली पडते आणि ओळ वाचता येते. या उजेडात काढलेला फोटो पुन्हा काजळ भरण्यापेक्षा जास्त सांगतो.

काजळ भरल्याने नुकसान काय? लेखकाने चुकलेलं अक्षर खोडलेलं असतं, ओळींच्या मध्ये बारीक दुरुस्ती केलेली असते, कधी मुद्दाम काजळी न भरता टिपण ठेवलेलं असतं. नव्या काजळाने ते सगळं एकसारखं काळं होतं. किड्यांच्या भोकांत, चिरांत काजळ बसतं ते निघत नाही. आणि पान शाईचं असेल तर पहिल्याच बोळ्याला अक्षरं पुसली जातील.

गवती चहाच्या तेलाचं थोडं वेगळं आहे. कोरडी, कडक झालेली पानं मऊ पडावीत म्हणून हस्तलिखितांच्या संवर्धनात ते वापरतात, पण हलका हात देऊन आणि साफ केलेल्या पानावर. घरी मात्र ते धुळीवरच लावलं जातं, जास्त लावलं जातं, आणि तेलकट पान पुढे धूळ धरतं, गडद होतं. म्यानमारच्या पानांवर तर आधीच तेल असतं. येनांजाउंच्या विहिरींतून निघणारं कच्चं खनिज तेल तिथे पोथ्यांना पिढ्यान्‌पिढ्या चोळत आले आहेत, कीड लागू नये आणि अक्षर उठावं म्हणून. बर्मी पानाचा गडद तपकिरी रंग बहुतांशी त्याचा आहे. त्यावर दुसरं तेल घालण्यात अर्थ नाही.

तुमच्या हातात करण्यासारखं एवढंच: एक इंच रुंदीचा मऊ केसांचा कोरडा ब्रश घ्या आणि मधून टोकाकडे, रेषांच्या दिशेने फिरवा. आडवा फिरवू नका, आडव्या झटक्याने कडेचे तंतू उचकटतात. ओला बोळा, खोडरबर, स्पिरिट काहीच नको.

प्रश्न (डहाणू): आमच्या भागात ताड भरपूर आहे. शाळेतल्या मुलांकडून तशी पानं करून घ्यायची आहेत. कशी करावी?

उत्तर: जरूर करा. आधी झाडातला फरक समजून घ्या. श्रीलंका आणि म्यानमारच्या पोथ्या मुख्यतः श्रीताडाच्या पानांवर आहेत. श्रीताड म्हणजे आयुष्यात एकदाच फुलून मरणारं ते प्रचंड झाड. आपल्याला जवळ म्हणजे उत्तर कन्नडच्या जंगलात दिसतं. त्याचं पान पातळ, लवचीक आणि रुंद. तुमच्याकडचा ताडगोळ्यांचा ताड वेगळा. त्याचं पान जाड आणि अरुंद, पण ओडिशात त्याच पानांवर कोरून लिहिण्याची मोठी परंपरा आहे. म्हणजे काम होतं. पट्टी मात्र साडेतीन-चार सेंमीपेक्षा रुंद मिळणार नाही.

पूर्ण उघडलेलं हिरवं पान घेऊ नका. मधलं, अजून मिटलेलं किंवा अर्धवट उघडलेलं फिकट पान हवं. हिरवं पान वाळल्यावर काळपट डागाळतं आणि लेखणीखाली फुटतं. एका झाडाचं एकच पान काढा आणि पाडेलीकडूनच काढून घ्या. ताडाला वाढीचा कोंब एकच असतो, त्याला इजा झाली तर झाड जातं.

पंख्याच्या पाती सुट्या करा आणि प्रत्येकीतला मधला हीर धारदार चाकूने काढून टाका. हिराच्या दोन्ही बाजूंची पट्टी कामाची. फितीसारखी सैल गुंडाळी करून दोऱ्याने बांधा. वीस गुंडाळ्यांना दहा लिटर पाणी आणि मूठभर हळद असं मोठ्या पातेल्यात दोन तास उकळा. गुंडाळ्या पाण्यात पूर्ण बुडलेल्या राहू द्या. उकळण्याने पानातला गोड रस निघून जातो आणि पान नरम होतं. ही पायरी कमी केली की वर्षाच्या आत किडे लागतात. जास्त उकळलं तर वरचा गुळगुळीत थर सुटतो आणि अक्षराच्या कडा कुसळासारख्या दिसतात.

मग गुंडाळ्या सोडून पट्ट्या सावली-उन्हात तीन दिवस वाळवा, रात्री दवात राहू द्या. श्रीलंकेतही असंच करतात. दव पडलं की पान पुन्हा नरम होतं आणि वळण जातं. पावसाळ्यात हे काम घेऊ नका, बुरशी येते. वाळलेली पट्टी घासायची. गुळगुळीत गोल दांडा आडवा घट्ट बांधा, पट्टीची दोन टोकं दोन हातांत धरा आणि दांड्यावरून पुढे-मागे ओढा. श्रीलंकेत यासाठी पोफळीचा सोललेला ओंडका वापरतात. तीस-चाळीस वेळा ओढल्यावर पृष्ठभागाला चकाकी येते. शेवटी दोन फळ्यांमध्ये ठेवून वर वीस किलो वजन द्या आणि दोन-तीन आठवडे हात लावू नका. मुलं इथे घाई करतात, आणि मग लिहिताना पान गुंडाळतं.

सगळी पानं एकाच मापात कापा. पानाचे चार समान भाग कल्पून पहिल्या आणि तिसऱ्या खुणेवर, मध्यरेषेत, तापवलेल्या सुईने भोक पाडा. थंड सुईने तडा जातो आणि तो तंतूंच्या दिशेने पार टोकापर्यंत धावतो. गरम सुईने भोकाची कड जळून बंद होते. भोकाभोवती चारी बाजूंनी एक सेंमी जागा लिहिण्यातून सोडा.

ओळी आखायची थायी पद्धत मुलांना आवडेल. लाकडी चौकटीत पाच दोरे ताणून बांधतात, त्यांना काजळीचं पाणी लावतात आणि पानावर टेकवून एकदा उचलून सोडतात. पाचही ओळी एका झटक्यात उमटतात. थायी पोथीत पानाच्या एका बाजूला बहुधा पाचच ओळी असतात, त्याचं एक कारण ही चौकट.

लेखणीसाठी जाड मुठीत बसवलेली पोलादी सुई चालेल. तिचं टोक पॉलिश पेपरवर किंचित बोथट करा. फार तीक्ष्ण टोक तंतू कापतं, बोथट टोक खाच दाबतं. लेखणी उजव्या हातात जवळजवळ स्थिर राहते, डावा हात पान सरकवत नेतो आणि डावा अंगठा लेखणीला मागून टेकू देतो. मुरलेल्या सिंहली लेखकांच्या डाव्या अंगठ्याच्या नखाला त्यासाठी खाच पाडलेली असे. खोली पानाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नको, कारण मागच्या बाजूलाही लिहायचं आहे. देवनागरी लिहिताना शिरोरेषा गाळा. तंतूंच्या दिशेने ओढलेली लांब सरळ रेघ पान चिरते. बर्मी, सिंहली, उडिया लिप्या इतक्या गोल का, याचं कारणही बहुतेक अभ्यासक यातच पाहतात.

काळं करायला दिव्याची काजळी एक चमचा आणि जवसाचं तेल दोन चमचे. खोबरेल घेऊ नका, ते वाळत नाही आणि पानं एकमेकांना चिकटतात. कापडाच्या बोळ्याने चोळा, पाच मिनिटं थांबा, मग कोमट तांदळाच्या कोंड्याने पुसा. कोंडा वरची काजळी उचलतो, खाचेतली राहते.

प्रश्न (दादर): पावसाळ्यात पानावर पांढरट बुरशी येते. कडेला बारीक गोल भोकंही दिसू लागली आहेत.

उत्तर: दोन वेगळे आजार आहेत. भोकं एक मिलिमीटरभर आणि अगदी गोल असतील, खाली पिठासारखी पूड पडत असेल तर भुंग्याच्या जातीचा किडा आहे आणि त्याची अळी आतच आहे. वेखंडाची पुरचुंडी किंवा कडुनिंबाचा पाला नवा किडा येऊ देत नाही, पण आतली अळी त्याने मरत नाही. पान साध्या पांढऱ्या टिपकागदात गुंडाळा, दोन पॉलिथिन पिशव्यांत हवा काढून बंद करा आणि उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही. लगेच उघडली तर थंड पानावर पाणी धरतं आणि बुरशीला निमंत्रण मिळतं. लाखेचं रोगण किंवा वर्ख पानाच्या पृष्ठभागावर असेल तर फ्रीझर नको. ते थर पानापेक्षा वेगळ्या मापाने आकसतात आणि सुटतात. अशा पानासाठी संवर्धकाकडेच जा.

बुरशी आलेलं पान आधी वेगळं करा, कोरड्या खोलीत वाळू द्या, आणि पूर्ण वाळल्यावरच, घराबाहेर, तोंडाला मास्क लावून ब्रशने झाडा. ओलसर बुरशी झाडली तर ती पसरते. उन्हात ठेवू नका, तासाभरात पान वळतं. पुढे ते घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. डब्यात थोडंसं सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ५० ते ६० टक्क्यांमध्ये राहिला पाहिजे. जेल जास्त घातलं आणि काटा ४०च्या खाली गेला तर पान ठिसूळ होतं, त्यामुळे सढळ हाताने घालू नका. डांबरगोळ्या नकोच.

थायलंडमध्ये काही विहारांचं ग्रंथघर तळ्यात खांबांवर बांधलेलं असतं, उबोन शहरातल्या ‘वाट थुंग सी मुआंग’ या विहारात आहे तसं. पाण्यामुळे वाळवी आणि मुंग्या तिथवर पोचत नाहीत. आपल्याकडे तळं नाही, पण डबा जमिनीवर आणि बाहेरच्या भिंतीला टेकवून न ठेवणं जमतं.

प्रश्न (सांगली): फ्रेम करून भिंतीवर लावलं तर? लॅमिनेशन?

उत्तर: लॅमिनेशन कधीही नको, ते निघत नाही. फ्रेममध्ये काच पानाला टेकता कामा नये. मध्ये चार मिलिमीटर उंचीची पुठ्ठ्याची चौकट घाला. गोंद, फेव्हिकॉल, सेलोटेप नको, दोन टोकांवर कागदी पट्टीच्या खाचा पुरतात. मागेही काच असू द्या, कारण पृष्ठांक मागच्या बाजूला आहे. उजेड ५० लक्सच्या आसपास, ऊन अजिबात नाही. विहारात मूर्तीसमोर ठेवत असाल तर मेणबत्ती आणि अगरबत्तीपासून दूर ठेवा, त्यांची काजळी पानावर बसते.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): पान किती जुनं, हे कार्बन चाचणीने कळेल का?

उत्तर: फारसं नाही. साधारण १६५० नंतरच्या तीनशे वर्षांत वातावरणातल्या कार्बनचा आलेख असा वरखाली झाला आहे की एकाच आकड्याची अनेक उत्तरं येतात, आणि हाताशी येणारी बहुतेक पानं अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली किंवा त्यानंतरची आहेत. उष्ण, दमट हवेत पान फार टिकत नाही. त्रिपिटक प्रथम लिहून काढलं गेलं ते इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात, श्रीलंकेतल्या अलुविहारला, पण आज ज्ञात असलेलं सर्वांत जुनं पाली ताडपत्री हस्तलिखित म्हणजे काठमांडूतली विनयाची चार पानं. ती आठव्या-नवव्या शतकातली. म्हणून ‘दोन हजार वर्षं जुनं पान’ कुणी विकू लागला तर उठून निघा.

खरी तारीख शेवटच्या पानावर, समाप्तीच्या लेखात असते. बर्मी सक्कराजात (तिथल्या शकात) ६३८ मिळवले की इसवी सन येतो: १२२५ म्हणजे १८६३. बर्मी वर्ष एप्रिलच्या मध्याला सुरू होतं, म्हणून वर्षाच्या शेवटच्या महिन्यांसाठी ६३९ मिळवा. थायी बुद्धवर्षातून ५४३ वजा करा, श्रीलंका आणि म्यानमारच्या बुद्धवर्षातून ५४४. ‘निब्बानपच्चयो होतु’ असे शब्द दिसले तर समाप्तीचा लेख हाताशी आहे असं समजा. हे पुण्य निर्वाणाला कारण होवो, अशी लिहिणाऱ्याची किंवा दात्याची ती इच्छा.

प्रश्न (मेलबर्न): चिआंग माईच्या बाजारात सुटी पानं विकायला असतात. घ्यावीत का? शिवाय मुंबईतल्या घरी आजोबांचं एक पान आहे, ते इकडे आणता येईल का?

उत्तर: बाजारातली पानं तीन प्रकारची. पहिली नवी: चहाच्या पाण्याने किंवा रंगाने जुनाट केलेली, त्यावर बुद्धाचं किंवा हत्तीचं चित्र आणि भोवती निरर्थक अक्षरं. दुसरी छापलेली: थायलंडमध्ये विसाव्या शतकात प्रवचनांसाठी ताडपत्रांवर मजकूर छापत आले आहेत. ती खोटी नव्हेत, पण हाताने कोरलेली नव्हेत. भिंगाखाली खाच दिसत नाही, एवढ्यावरून कळतं. तिसरी खरी, पोथी सोडवून एकेक करून विकलेली. खऱ्या पानात लेखकाने भोकाभोवती जागा सोडलेली असते. भोक अक्षरातूनच गेलं असेल तर ते नंतर पाडलेलं आहे. फ्रेमच्या मापाला बसावं म्हणून समास कापलेला असेल तर पृष्ठांक गेला, आणि ते पान पुन्हा पोथीला लागण्याची वाट बंद झाली.

तिसऱ्या प्रकारचं पान घेऊ नका, असंच आमचं सांगणं आहे. थायी पोथीचा एक ‘फूक’, म्हणजे एकत्र बांधलेला गठ्ठा, बहुधा २४ पानांचा असतो. एक पान विकलं गेलं की उरलेली २३ अपुरी होतात आणि मागणी आहे म्हणून तीही सुटतात. थायलंडमधून पुरावस्तू बाहेर नेण्यासाठी तिथल्या ललित कला विभागाचा परवाना लागतो. श्रीलंकेतूनही परवान्याशिवाय जुन्या पोथ्या नेता येत नाहीत.

आजोबांच्या पानाबद्दल: भारताच्या १९७२च्या पुरावस्तू आणि कलाकोष कायद्यानुसार ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचं हस्तलिखित ७५ वर्षांचं झालं की पुरावस्तू ठरतं, मग ते मूळचं कुठल्याही देशाचं असो. खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. नवं आहे असं वाटत असेल तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ते पुरावस्तू नसल्याचं प्रमाणपत्र घ्या. ऑस्ट्रेलियात उतरताना वनस्पतीजन्य वस्तू म्हणूनही ते जाहीर करावं लागेल. आम्ही तुमच्या जागी असतो तर चांगले फोटो काढून नेले असते आणि पान पुण्याच्या भांडारकर संस्थेसारख्या ठिकाणी दाखवलं असतं.

प्रश्न (मडगाव): बर्मी आणि सिंहली पोथ्यांत शब्द वेगळे आढळतात. खरा पाठ कोणता?

उत्तर: एका पानावरून ठरत नाही, देशोदेशीच्या पोथ्या शेजारी ठेवून ठरवावा लागतो. तुमच्याच गोव्यात, साखवाळला १८७६ साली जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींनी हेच काम केलं. १९०२ साली ते श्रीलंकेत जाऊन पाली शिकले, पुढे ब्रह्मदेशात राहिले. हार्वर्डमध्ये अमेरिकन अभ्यासक वॉरन यांचं ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाचं अपुरं राहिलेलं संपादन त्यांनी तपासून पुरं केलं. ते १९५०मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी छापून आलं. पाठभेद दिसला की खोडू नका, दोन्ही लिहून ठेवा.

प्रश्न (नाशिक): पान तुमच्याकडे तपासायला पाठवू का?

उत्तर: पान पोस्टाने पाठवू नका, फोटो पाठवा. पान काळ्या, न चमकणाऱ्या कापडावर ठेवा, शेजारी सेंटिमीटरची पट्टी. एका बाजूचे चार फोटो: एक पूर्ण पानाचा, मग डावा, मधला आणि उजवा भाग, प्रत्येकात शेजारच्या भागाची दोन-तीन अक्षरं येतील असे. हेच मागच्या बाजूचे. त्यानंतर डाव्या समासाचा एक अगदी जवळून, टॉर्च आडवी धरून. फ्लॅश बंद ठेवा, तेलकट पानावर तो चमकतो आणि खाच नाहीशी होते. स्कॅनर वापरलात तर झाकण दाबू नका, वळलेलं पान तिथेच तडकतं.

पान कुठून आलं, कोणी दिलं, कोणत्या साली, त्याच्याबरोबर फळी, दोरी किंवा कापड होतं का, हे चार ओळींत लिहा. फळी-दोरी जुनी, मळकी असली तरी टाकून देऊ नका. म्यानमारच्या पोथ्यांना गुंडाळायच्या विणलेल्या फितीत (तिला ‘साझिज्यो’ म्हणतात) कधी कधी दात्याचं नाव आणि तारीखच विणलेली असते.